विहिरीवरचा कर्णा

१

छबूबाईचा दिवस विहिरीवर सुरू व्हायचा आणि भांडणापाशी संपायचा. पहाटे दोन घागरी भरायच्या, वांग्याच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसायचं, बाजारादिवशी टोपली डोक्यावर घेऊन इंदापूर गाठायचं. नवरा वारला तेव्हा दिरांनी तिला विहिरीकडेचा खडकाळ तुकडा दिला, कारण तो कुणालाच नको होता. त्याच तुकड्यात तिनं वांगी काढली, तेव्हापासून दिरांच्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

तिचा आवाज ही गावाची थट्टा होती. छबूबाईनं मळ्यातून हाक मारली की शेजारच्या बावडा गावातली जनावरं दावी तोडतात, असं माणसं म्हणायची. म्हणू देत. ज्या बाईच्या मागं कुणी नाही तिला गळा तरी असावा लागतो. पाटाच्या पाण्याची पाळी कधी आली आणि कुणी पळवली, हे मळ्यापर्यंत कळायचंच नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या बैठकीत उभी राहून तीच ओरडली होती, "दवंडी चावडीपुढं फिरती आन् तितंच मरती. आमाला काय पाळीचं सपान पडतं व्हय?"

त्या ओरडण्याचं फळ म्हणून गावात यंत्र आलं. बारामतीहून मालमोटारीनं आलं. एक पेटी, बॅटऱ्या, तीन कर्णे, आणि ते सगळं बसवायला काटेवाडीचा रावजी. एक कर्णा मारुतीच्या देवळावर चढला, एक चावडीवर, आणि तिसरा मळ्यातल्या वस्तीसाठी विहिरीच्या कठड्यालगत खांब रोवून त्यावर, मळ्याकडं तोंड करून.

यंत्र आप्पासाहेबांनी गावाला दान दिलं होतं. आप्पासाहेब म्हणजे गावचे सरपंच, उसाचे मोठे बागायतदार. पेटीवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं होतं : 'कै. सौ. साखरबाई मानसिंग यांच्या स्मरणार्थ.'

साखरबाई आप्पासाहेबांची सून. आणि छबूबाईची पाठची बहीण. त्याच विहिरीत बुडून गेलेली.

२

रावजी तिशीतला, तोंडाचा गोड माणूस. दुपार कलताना तो वाफ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला.

"मावशी, आज आवाज बसवायचाय. जरा मदत लागंल."

"आवाज बसवाय आलायस?" छबूबाई खुरपं न थांबवता म्हणाली. "मग गाव चुकलास बाबा. हितल्या समद्यांचा आधीच बसलाय."

रावजी हसला. त्याला काही कळलं नव्हतं.

त्यानं समजावून सांगितलं. पेटीला चार कान होते, एक पेटी बंद-चालू करायचा आणि बाकी एकेका कर्ण्याचा एकेक. कान पिळला की तो कर्णा मोठा बोलायचा. "लई पिळला तर शिट्टी मारतंय, कमी पिळला तर सासूपुढं नवी सून बोलल्यागत कुजबुजतंय. मधी कुठंतरी बसवावा लागतो. पर मी बसणार चावडीत. हिकडं किती पोचतंय ते मला काय कळणार? हितं माणसाचा कान पायजे."

"मंग मी वरडून सांगू का?"

"वरडू नका, तुमी वरडलं तर माझं यंत्र लाजंल. मला चावडीच्या वट्ट्यावरनं विहीर दिसती. आवाज कमी वाटला तर हात वर करा. पुरं झाला की पदर हालवा. हात वर म्हंजी अजून. पदर म्हंजी बास."

ती कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. तिथं दुसरं कुणी नव्हतं. साखरबाईला बाहेर काढल्यापासून बाकीच्या बायका पाटाकडच्या आडावर जात. छबूबाई तेवढी याच विहिरीचं पाणी भरायची. माझ्या बहिणीचा मला कसला विटाळ, म्हणायची.

कर्णा खरखरला.

"ऐकू येतंय का?" रावजीचा आवाज आला. माईकसमोर तो नेहमी एवढंच म्हणायचा.

चांगलं ऐकू आलं होतं. छबूबाईनं पदर हलवला. आवाज थांबायचा तो वाढला. "ऐकू येतंय का?" तिनं माशा हाकलाव्यात तसा पदर झाडला. आवाज आणखी चढला. बाभळीवरचे बगळे उडाले. शेवटी कर्ण्यानं अशी शिट्टी मारली की वाफ्यातली म्हातारी कुत्री शेपूट घालून पळाली.

छबूबाई तरातरा चावडीवर गेली.

"डोळं फुटलं का रं तुझं? पदर हालवून हालवून दंड भरून आला माझा!"

"मावशी, तुमीच हात वर धरला हुता की!" रावजी गोंधळून म्हणाला. "कठड्याच्या वर, असा. मी पिळतोय तसा अजूनच वर."

"मी?"

"मंग कोण? पदर हालताना दिसला, पर म्हनलं घाम पुसताय. हात तर सरळ वर हुता. हिरव्या बांगड्या बी दिसल्या."

छबूबाईनं आपली दोन्ही मनगटं त्याच्या नाकापुढं धरली. नवरा गेल्यापासून मोकळी असलेली मनगटं. रावजी त्यांच्याकडं बघत राहिला, मग पेटीकडं बघायला लागला.

"ऊन लई हाय," तो म्हणाला. "बाभळीची फांदी आसंल."

"आसंल," ती म्हणाली.

फांदीला बांगड्या असतात का, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

३

साखरबाई गेली ती वैशाखातली दुपार होती. छबूबाई इंदापूरच्या बाजारात वांगी विकत बसली होती. परत आली तेव्हा साखरबाईला कठड्यावर आडवी ठेवली होती आणि तोंडावर पदर ओढला होता. पाय घसरला, म्हणाले. नीरेकाठी वाढलेली पोर! लोकांनी नदीत सोडलेले नारळ भोवऱ्यात सूर मारून काढायची आणि फोडून खायची. ती बादली भरताना घसरते, आणि तळाला जाऊन गप्प बसते?

त्या घरात तिचं काय चाललं होतं ते गावाला ठाऊक होतं. उन्हाळ्यातसुद्धा ती दंडावरून पदर काढायची नाही. ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

फौजदार आला. चावडीत गाव गोळा केलं. त्यानं विचारलं, "बाई पडताना ओरडली असेल. कुणाला ऐकू आलं का? आलं असेल त्यानं हात वर करा."

चावडीच्या पायरीवर साखरबाईचा नवरा मानसिंग मान खाली घालून बसला होता. त्याच्या मागं आप्पासाहेब उभे होते, एकेकाच्या हाताकडं बघत. एकही हात वर गेला नाही. विहिरीला सगळ्यात जवळचा ओटा बनाबाईचा. ती म्हातारी म्हणाली, "मला कमी ऐकू येतं, साहेब." हीच बनाबाई, जिला शेजारच्या घरात कोंबडीनं अंडं घातलेलं ऐकू येतं.

रावजीनं हात बघितल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई त्याला म्हणाली, "पेटी बंद कर. तू चावडीत बस. मी विहिरीवरनं नुसत्या तोंडानं हाक मारते. बघू पोचती का."

"ती कशापायी?"

"माप घ्यायचंय मला बी. तुलाच येतं व्हय मापं घ्यायला?"

ती कठड्यापाशी गेली आणि छाती भरून ओरडली, "रावजीऽऽ!"

बनाबाईचं दार धाडकन लागलं. देवळापुढं चिलीम ओढणारी माणसं उठून उभी राहिली. रावजी चपला हातात घेऊन पळत आला.

"काय झालं, मावशी?"

"ऐकू आलं?"

"ऐकू आलं म्हंजी? मेलेल्याला बी ऐकू..." त्यानं जीभ चावली.

छबूबाईनं बनाबाईच्या बंद दाराकडं बघितलं. इतके दिवस जे नुसतं पोटात होतं, त्याचं आज माप मिळालं होतं. गावानं ऐकलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

रावजी परत जाऊन पेटीपाशी बसला. या खेपेला सगळं सुरळीत झालं. "ऐकू येतंय का?" कर्ण्यानं विचारलं, तिनं पदर हलवला, आवाज थांबला. जिथल्या तिथं बसला. छबूबाईनं घागरी उचलल्या.

तेवढ्यात कर्ण्यातून श्वास ओढल्यासारखं झालं. मग हळूच आवाज आला, "ऐकू आलं का?"

"आलं की रं बाबा, किती खेपा विचारशील!" असं पुटपुटत ती चार पावलं पुढं गेली आणि थांबली. घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर पडलं.

रावजी 'येतंय' म्हणायचा. 'आलं' नाही.

चावडीवर रावजी ओट्यावर पाय पसरून बिडी ओढत होता. पेटीला झाकण घातलेलं होतं.

"तू आत्ता काय म्हनलास माईकवर?"

"आत्ता? मी कवाच बंद केलं, मावशी."

"'ऐकू आलं का' म्हनलास न्हवं?"

"मी कशाला आसं म्हणंन? ऐकू आलं का, हे समदं संपल्यावर इचारायचं आसतं." त्यानं बिडी झटकली. "कधीमधी तारंत दुसरंच टेशन घुसतं. पुण्याची बाई बोलली आसंल."

पेटी बंद असताना पुण्याची बाई तारेत कशी घुसली, हे त्यानं सांगितलं नाही. छबूबाईला त्या श्वासाचं पडलं होतं. साखरबाई बोलण्याआधी असाच श्वास आत ओढायची, लहानपणापासून. आई म्हणायची, बोलायचं का विहिरीत उडी टाकायची गं तुला?

पुण्याची बाईही तसा श्वास घेत असेल. घेत असेल एखादी. बाई म्हटली की बोलण्याआधी श्वास घेतेच.

४

आप्पासाहेब छत्री घेऊन वाफ्याच्या बांधावर आले. सहसा ते या बाजूला फिरकत नसत.

"छबूबाय, वांगी झकास आल्यात."

"पानी मिळालं तर येत्यात."

"त्येच्यासाठीच तर कर्णा बसवला की. शुक्रवारी उद्घाटन करतोय. बावड्याचं हिंदुराव येणार हायती. त्यांची लेक कौसल्या आपल्या मानसिंगाला करायचं चाललंय. सुपारी तितंच फोडू."

छबूबाईचं खुरपं मातीत रुतून बसलं.

"कौसल्या," ती म्हणाली. "केवढी हाय?"

"हाय की लग्नाजोगी. पर हिंदुराव पडला जुन्या वळणाचा. त्यो म्हणतो, पहिलीच्या माहेरचं कुणीतरी चारचौघांत सांगू दे, पोरगी पाय घसरून गेली म्हणून. मंगच सुपारी. आता तुज्याबिगर तुमच्या माहेरचं कोण ऱ्हायलंय?"

"आन् मी न्हाय म्हनलं तर?"

आप्पासाहेबांनी एक वांगं हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. "औंदा पाटाला पानी कमी हाय. टोकाच्या मळ्यापतुर पोचंलच आसं न्हाय."

छबूबाईनं रुतलेलं खुरपं मातीतून उपसून काढलं. पोटाची भाकरी एका पारड्यात आणि कधी न बघितलेली कुणाची तरी पोर दुसऱ्या पारड्यात. पण ती पोर उद्या याच कठड्यावर घागर टेकवणार होती. दंडावरून पदर घेऊन.

"माईकवर सांगायचं?" तिनं विचारलं.

"माईकवरच. समद्या गावाला ऐकू जाऊ दे."

"मंग सांगते."

आप्पासाहेब खूश झाले. जाता जाता त्यांची नजर खांबाकडं गेली. "त्या कर्ण्याचं काही बिघडलंय का गं?"

"का? तुमाला काय ऐकू आलं का?"

"न्हाय," आप्पासाहेब म्हणाले. इतक्या चट्कन म्हणाले की तो शब्द तयारच ठेवलेला असावा.

दिवस मावळायच्या आत रावजी शिडी घेऊन आला आणि त्यानं विहिरीवरच्या कर्ण्याची तार तोडली. "मालकांचा हुकूम," तो तारेचं वेटोळं करत म्हणाला. "उगं कावळं बसत्यात, म्हणं."

"ही बोलायला लागल्यापासनं एक कावळा तरी बसलाय का खांबावर?"

"कोण बोलायला लागल्यापासनं, मावशी?"

छबूबाई विहिरीकडं बघत राहिली. रावजी शिडीवरून जरा जास्तच घाईनं उतरला.

५

शुक्रवारी चावडीपुढं सतरंज्या घातल्या. पेटीला झेंडूचा हार घातला होता, तो साखरबाईच्या नावावर आला होता, त्यामुळं नुसतं 'स्मरणार्थ' वाचता येत होतं. हिंदुराव पहिल्या रांगेत बसले होते. पांढरे कल्ले, गुडघ्यावर उपरणं, उपरण्याच्या गाठीत सुपारी. मानसिंगाला नवा फेटा बांधला होता. बनाबाई बायकांत सगळ्यात पुढं होती, जिला कमी ऐकू येतं.

आप्पासाहेब पेटीजवळच्या खुर्चीवर बसले. रावजीनं त्यांना पेटी बंद-चालू करायचा कान कसा पिळायचा ते दाखवलं होतं, कारण यंत्र मालकांच्या हातानं सुरू व्हायचं होतं. सुरू झाल्यावरही मालकांनी हात काढला नाही. बोटं तिथंच राहिली.

छबूबाईनं रात्रभर एकच वाक्य घोकलं होतं. ती माईकपुढं गेली.

"मी छबूबाई. साखरबाईची थोरली बहीण."

आवाज देवळावरून फिरून तिच्याच अंगावर आला. एवढा मोठा आवाज तिला आजवर कुणी दिला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, आता झालंच.

"समदी ऐका. माझी बहीण साखरबाई पाय घसरून पडली..."

खट् झालं.

"...न्हाय."

तो 'न्हाय' तिच्या हनुवटीखाली पडला आणि तिथंच मेला. आप्पासाहेबांची बोटं पेटीच्या कानावर होती.

आपल्या बोलण्याची ही अशी तऱ्हा आहे. नकार शेवटाला येतो. सगळं वाक्य हो म्हणत चालतं आणि अगदी टोकाला जाऊन नाही म्हणतं. ज्याच्या हातात पेटीचा कान आहे त्याला तेवढं टोक मोडलं की पुरतं. छबूबाईला ते तेव्हाच कळलं, पण वेळ गेली होती. 'न्हाय' आधी म्हणायला हवं होतं.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

"न्हाय!" छबूबाई माईक सोडून ओरडली. "पडली न्हाय! पवणारी हुती ती! तुमी समद्यांनी ऐकलंय! बनाबाई, तू ऐकलंस! न्हाय पडली, न्हा..."

गळ्यात काहीतरी तट्कन तुटलं. तोंड उघडं राहिलं आणि त्यातून नुसता वारा आला. टाळ्या चालूच होत्या. पुढच्या रांगेतल्या बायका तिच्यापासून दोन हातांवर होत्या. त्या आपापल्या मांडीकडं बघत होत्या. बनाबाई लुगड्याचा धागा ओढत होती.

बिचारी दुःखानं बोलली, असं आप्पासाहेब म्हणाले. हिंदुरावांनी मान हलवली आणि उपरण्याची गाठ सोडायला घेतली.

तेव्हा विहिरीकडून श्वास ऐकू आला. आत ओढलेला, लांब श्वास. टाळ्या एकेक करत थांबल्या.

"न्हाय," विहिरीवरचा कर्णा म्हणाला.

आवाज बारीक होता. पाणी तोंडात असताना बोलावं तसा ओला. छबूबाईचं अर्धं राहिलेलं वाक्य त्यानं उचलून पुरं केलं. मग थोडं थांबून विचारलं, "ऐकू आलं का?"

हिंदुरावांची बोटं गाठीवरच थांबली.

"कोण बोललं?"

कुणी बोललं नाही.

"बाई बोलली कुणीतरी. तिकडनं, विहिरीकडनं."

"कुठं काय?" आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "यंत्र हाय, पाव्हणं. खरखरतंय."

हिंदुरावांनी रावजीकडं बघितलं. रावजीनं खुर्चीखालून त्या कर्ण्याच्या तोडलेल्या तारेचं वेटोळं काढलं आणि वर धरलं.

हिंदुराव उठले. बनाबाईपुढं जाऊन उभे राहिले. "आजी, तुमाला ऐकू आलं का?"

"मला कमी ऐकू येतं, बाबा."

"तुमाला?" त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं.

"न्हाय."

"तुमाला?"

"आमाला तर काय न्हाय ऐकू आलं."

"न्हाय बा."

"न्हाय."

सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 'न्हाय' फिरत गेला. तो मात्र खणखणीत होता. कुणाचा आवाज बसला नव्हता. मानसिंग नव्या फेट्यासकट खाली वाकला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते. ज्याला काही ऐकू येत नाही तो कान कशाला दाबेल?

हिंदुरावांनी त्याच्याकडं बघितलं. मग सुपारीची गाठ परत घट्ट मारली.

"मला ऐकू आलं," ते म्हणाले. "माझ्या कौसल्येचा आवाज लई बारीक हाय, आप्पासाहेब. तुमच्या गावाला न्हाय पुरायचा."

त्यांची बैलगाडी बावड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

६

कौसल्या वाचली. एवढंच काय ते चांगलं झालं, बाकी सगळं व्हायचं तसंच झालं.

पाटाचं पाणी छबूबाईच्या मळ्याच्या अलीकडंच संपायला लागलं. तिची पाळी कुणाला गेली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. वांग्यांची पानं गोळा झाली. ती घागरीनं ओढून पाणी घालायची, निम्मं वाटेतच माती प्यायची.

आवाज काही परत आला नाही. हळदीचं दूध झालं, वेखंड झालं, इंदापूरच्या डॉक्टरनं घशात विजेची बत्ती मारून बघितली. आत काही झालेलं नाही, म्हणाला. बाजारात ती आता वांगी पुढं ठेवून नुसती बसायची. गाव म्हणायचं, छबूबाई शेवटी निवली.

रावजी जायच्या आधी भेटायला आला होता. "मावशी, कर्णा उतरवून नेऊ का?" तिनं मान हलवून नको म्हटलं. आप्पासाहेबांनी नंतर तो काढायला गडी पाठवले. पहिले गेले ते ताप आला म्हणून परत आले, पुढचे वाटेतूनच फिरले. मग कुणी जाईना. पेटीला चावडीत कुलूप पडलं. तार तुटलेला कर्णा खांबावर राहिला.

एका संध्याकाळी छबूबाई पाण्याला गेली तेव्हा दिवस उसाच्या तुऱ्यांत बुडत होता. घागर कठड्यावर टेकवताना तिनं सहज वर बघितलं. कर्ण्याचं तोंड मळ्याकडं होतं, ते आता गावाकडं वळलेलं होतं. वाऱ्यानं फिरलं असेल, तिच्या मनात आलं. पण चार बोटं लांबीचे बोल्ट रावजीनं तिच्यादेखत आवळले होते. आणि कर्ण्याच्या काठावरून पाण्याचा थेंब सुटला, तिच्या पायापाशी पडला. मग दुसरा.

श्वास ओढला गेला.

"ऐकू आलं का?"

छबूबाईनं तोंड उघडलं. व्हय गं, मला आलं, असं सांगायचं होतं तिला. मी बाजारात होते त्या दिवशी, पण आता आलं. तोंडातून वारा आला.

"ऐकू आलं का?" या खेपेला मोठ्यानं.

गावात एक दार लागलं. बनाबाईचंच. जिला कमी ऐकू येतं तिचं दार सगळ्यांत आधी लागलं. मग दुसरं, मग देवळाकडचं तिसरं. कुणीतरी पोराला ओढून आत घेतलं. आप्पासाहेबांच्या माडीच्या खिडक्या आधीपासूनच बंद होत्या.

"ऐकू आलं का?"

बगळे उडाले. घागर कठड्यावर थरथरायला लागली. छबूबाईचा हात सवयीनं पदराकडं गेला. पदर हलवला की बास. एवढं तिला येत होतं. रावजीनं शिकवलेलंच होतं.

तेव्हा तिला समोर दिसलं. विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, कठड्याच्या वर एक हात आला होता. मनगटात हिरव्या बांगड्या. कोपरावरून पाणी ओघळत होतं. कठड्याखाली बाकीचं काय होतं ते तिनं बघितलं नाही. हात सरळ वर होता. ज्याला ऐकू आलं त्यानं धरावा तसा. अजून पाहिजे त्यानं धरावा तसा.

छबूबाईनं पदर हातात घेतला. ओढून कमरेला घट्ट खोचला, आणि कठड्याला पाठ लावून गावाकडं तोंड करून बसली.

तिच्या डोक्यावर कर्ण्यानं श्वास आत ओढला.